डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी

ही गोष्ट सांगायचे मी अनेक वर्षे टाळले. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की साक्ष द्यायची पद्धत आहे. ज्याला प्रभूने काही दाखवले असेल त्याने उभे राहून सांगायचे. मी अशा पुष्कळ साक्षी दिल्या. माझ्या आजारपणाचीही दिली. लोकांनी डोळे पुसले, पाळकसाहेबांनी पाठीवर हात ठेवला. पण ती साक्ष अर्धीच होती. संकटात माझ्या मदतीला कोण आला ते मी सांगितले. त्याच माणसाशी मी आधी काय केले होते, ते गाळले. आज माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. गाळलेले तसेच ठेवून मला वर जायचे नाही, म्हणून लिहितो.

मी जन्माने ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीचा. आमचे मूळ गाव नगरकडे. आजोबा गावोगाव शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवत फिरत, त्यामुळे घरात वचने पाठ करणे हे आंघोळीइतकेच रोजचे. साजगावच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी मिळाली, तेव्हा इकडे आलो आणि पुढे कर्जतला घर केले. मंडळी लहान, पन्नास-साठ माणसांची. आमच्या लोकांना बाहेर फार प्रश्न ऐकावे लागत. कामावर कोणी विचारी, तुमचा देव परदेशी ना? कोणी म्हणे, एक देव म्हणता आणि तीन मोजता, हे कसे? कॉलेजातली मुले काहीबाही वाचून येत आणि विचारत, मेलेला माणूस उठला याला पुरावा काय? लोक गोंधळत, गप्प बसत किंवा भांडत. म्हणून मी महिन्यातून एकदा दुपारचा वर्ग सुरू केला. लोक त्याला उत्तरवर्ग म्हणू लागले, आणि मला मास्तर.

त्या वर्गाचा पाया मी येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रावर घातला होता. तुमच्या आशेचे कारण जो विचारील त्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, असे पेत्र सांगतो. मग मी प्रेषित पौलाचे उदाहरण देई. तो अथेन्सला गेला, तेव्हा त्याने तिथल्या लोकांची टिंगल केली नाही. त्यांच्याच अज्ञात देवाच्या वेदीपासून बोलायला सुरुवात केली. लूकने सगळी चौकशी करून येशूचे चरित्र क्रमवार लिहिले, हे मी सांगे. येशूची रिकामी कबर पहिल्यांदा स्त्रियांनी पाहिली आणि त्या काळी स्त्रियांची साक्ष कोणी धरत नसे. गोष्ट रचलेली असती तर रचणाऱ्याने साक्षीला पुरुष उभे केले असते, हे सांगताना माझा आवाज चढे. हे सगळे खरे आहे. आजही मी ते खरे मानतो. पण पेत्राने त्याच वाक्याच्या शेवटी एक अट घातली आहे, की हे उत्तर सौम्यपणे आणि समोरच्याचा मान राखून द्यावे. ती अट मी शिकवताना भरभर वाचून पुढे जात असे.

वर्गात प्रश्न विचारायला लोक लाजत, म्हणून मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला आणि झाकणाला चीर पाडली. ज्याला काही विचारायचे त्याने नाव न घालता चिठ्ठी टाकायची. नियम मीच केला: जो वर्ग घेईल त्याने चिठ्ठी काढली की ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, एकही शब्द वगळायचा नाही, आणि जमेल तसे उत्तर द्यायचे. कठीण प्रश्न टाळणारा विश्वास हा विश्वासच नव्हे, असे मी म्हणत असे. डबा उघडताना सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडे लागत. तो क्षण मला फार आवडे, हे आज लपवत नाही.

काशिनाथ या वर्गात आला तो शेवटच्या बाकावर बसणारा म्हणून. दहिवलीत भाताच्या गिरणीवर कामाला होता. शेतकरी घरातला, शिक्षण चौथी. गिरणीच्या आवाजाने त्याला थोडे कमी ऐकू येई, म्हणून कोणी बोलू लागले की तो पुढे वाकून त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राही. त्याला एकच मुलगी होती, रूपा. ती सात वर्षांची असताना तिला ताप आला आणि तो उतरेना. कोणाच्या तरी सांगण्यावरून आमची मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करायला गेली. मीही गेलो होतो. तिच्या कपाळावर हात ठेवून मीच मोठ्याने प्रार्थना केली. चौथ्या दिवशी ती गेली. आम्हाला वाटले, हे घर आता आपले तोंडही पाहणार नाही. पण दोन महिन्यांनी काशिनाथ आणि त्याची बायको सुमन उपासनेला येऊन बसले, आणि पुढच्या वर्षी दोघांनी बाप्तिस्मा घेतला. का आलास, असे त्याला कोणी विचारले नाही. मीही नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मी त्याला नाव बदलायचे सुचवले होते. तो हसून म्हणाला, "आईनं ठेवलंय मास्तर. ती हाय अजून, तिला काय सांगू?"

हेवा केव्हा सुरू झाला ते नेमके सांगता येते. एका वर्गात चिठ्ठी निघाली, की शेजारी आमच्या मुलांना सणाला बोलावत नाहीत, त्यांना काय उत्तर द्यावे? मी बायबलातल्या दानीएलापासून सुरुवात करून पाऊण तास बोललो. वर्ग सुटल्यावर चहाच्या वेळी ती चिठ्ठी टाकणारी बाई काशिनाथजवळ उभी दिसली. तो तिला सांगत होता, "तुमी बोलवा ना त्यांना. नाताळची वाट कशाला बघायची? घरी घावणं करा नि पोरांना हाक मारा. येतील, पोरं हायत." ती हसली. माझ्या पाऊण तासात ती हसली नव्हती. मी कप हातात धरून खांबाआड उभा होतो आणि छातीत काहीतरी कडू उतरत होते.

पुढे हे वाढतच गेले. वर्ग मी घ्यायचा आणि वर्गानंतर माणसे त्याच्याभोवती जमायची. कोणाच्या घरी दुःखद घटना झाली की आधी मला बोलावत, ते आता त्याला बोलावू लागले. आमच्यातला एक रिक्षावाला मला तोंडावर म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. तुमचं बरोबर असतं, पण काशिनाथभाऊचं पोचतं." मी हसून म्हणालो, "चांगलं आहे की रे." घरी येऊन जेवलो नाही. माझी पत्नी तेव्हा हयात होती. तिने विचारले, काय झाले? मी म्हणालो, पित्त. काशिनाथ प्रार्थनेत चुकीचे वचन बोलला की मला बरे वाटे. त्याच्या बोलण्यातली व्याकरणाची चूक मी मनात जपून ठेवी. आजोबांनी उभी हयात ज्यात घालवली ते सगळे माझ्याकडे वारशाने आलेले, आणि लोक काल आलेल्या चौथी शिकलेल्या माणसाचे ऐकतात, हे मला सोसवत नव्हते. मी देवाशीही भांडलो. माझ्या श्रमांवर तू त्याला उभे करतोस, असे त्याला म्हणालो.

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी सहज जाहीर केले, की पुढच्या महिन्याचा उत्तरवर्ग काशिनाथभाऊ घेतील. काशिनाथ घाबरून म्हणाला, "नाय नाय साहेब, मला वाचता बी नीट येत नाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या महिन्यात मी पुष्कळ वेळा मनाशी म्हटले, की त्याने फजित व्हावे अशी माझी इच्छा नाही. लोकांना तयारीची किंमत कळावी एवढेच हवे. माणूस स्वतःला किती व्यवस्थित फसवतो! वर्गाच्या दिवशी सकाळी पत्नी बाजारात गेली होती. मी वहीतले एक पान फाडले आणि माझे अक्षर कोणी ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहिले: ज्या देवाने तुमची मुलगी वाचवली नाही, त्याच्यावर आम्ही भरवसा ठेवावा असे तुम्ही कोणत्या तोंडाने शिकवता? अक्षरे मागे झुकली होती, वरची रेघ उताराच्या बांधासारखी खाली घसरली होती. घडी घालून मी ती सगळ्यांत आधी डब्यात टाकली.

वर्ग भरला. सुमन पहिल्या रांगेत, नवऱ्याचा पहिलाच वर्ग म्हणून नवी साडी नेसून बसलेली. दोन चिठ्ठ्या साध्या निघाल्या. तिसरी माझी. काशिनाथ अक्षर अक्षर लावून वाचत असे, पुढे काय आहे ते त्यालाही आधी कळत नसे. "ज्या... देवानं... तुमची... मुलगी..." इथे तो थांबला. वाचू नको, असे मी म्हणू शकलो असतो. नियम माझाच होता, तो मला मोडता आला असता. मी जमिनीकडे बघत राहिलो. त्याने शेवटच्या शब्दापर्यंत वाचले, कारण मास्तरांचा नियम होता.

काशिनाथने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तळव्याने सपाट केली. म्हणाला, "ज्यानं विचारलं त्याचं बरोबर हाय. मला ठाऊक नाय. मी बी देवाला हेच विचारतो." मग म्हणाला, "पण हे ज्यानं लिवलंय, त्याच्या घरी बी कायतरी दुखत असंल. उगाच कोण असं लिवत नाय. त्याच्यासाठी मागूया." सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याने माझ्यासाठी प्रार्थना केली. शेवटी मंडळीसोबत मी आमेन म्हणालो.

डोळे उघडले तेव्हा सुमनची जागा रिकामी होती. आणि लोक रडत होते. मला तेव्हा काय वाटले ते लिहायला हात कचरतो, पण लिहायचेच ठरवले आहे. मला पश्चात्ताप झाला नाही. मला वाटले, यातूनही हाच मोठा झाला.

सुमन त्यानंतर मंडळीत आली नाही. आपल्यातलाच कोणीतरी आपल्या लेकराबद्दल असे बोलतो, त्याच्या शेजारी बसून गाणे कसे म्हणायचे, असे ती पाळकीणबाईंना म्हणाली. काशिनाथ एकटा उपासनेला येई आणि संपली की लगेच निघे. वर्ग घ्यायला त्याने हात जोडून नकार दिला. "ती घरी एकटी असती," एवढेच म्हणाला. उत्तरवर्ग पुन्हा माझ्याकडे आला. चिठ्ठी कोणाची याची थोडे दिवस कुजबूज झाली, मग थांबली. माझ्यावर कोणी संशयही घेतला नाही. मी त्याच डब्यातून पुन्हा चिठ्ठ्या काढू लागलो. सहा वर्षे काढल्या.

दरम्यान माझी पत्नी वारली, मुलगा पुण्याला स्थायिक झाला. सहाव्या वर्षाच्या मे महिन्यात साजगावच्या एका कामगार वसाहतीतल्या तरुणाला उत्तरे द्यायला मी स्कूटरवरून गेलो. तो हुशार होता, उद्धट नव्हता. दोन तास मी त्याचा एकेक मुद्दा खोडला. शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही जिंकलात. पण तुम्हाला बघून ख्रिस्ती व्हावंसं नाही वाटत हो." त्याने पाणी दिले. मी ते न पिता उठलो.

परतताना पळसदरीच्या अलीकडे रस्ता डोळ्यांसमोर दुहेरी दिसू लागला. स्कूटर बाजूला घेईपर्यंत उजवा पाय उचलेना. मी बांधावर कोसळलो. दुपारची वेळ, उन्हाने शेते पांढरी पडलेली, गाड्या भर्रकन निघून जात होत्या. दारू पिऊन पडला असेल असे लोकांना वाटले असणार. मलाही दुसऱ्याला बघून तसेच वाटले असते. मी हाक मारायला गेलो तर तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. प्रार्थना करायला गेलो तर एक वचन आठवेना. साठ वर्षांचे पाठांतर होते, आणि त्यातला एक शब्द येईना. मग एक टेंपो पुढे गेला, थांबला आणि मागे आला. त्यातून काशिनाथ उतरला.

एरवी तो त्या रस्त्याला येत नसे. त्या दिवशी गिरणीचा पट्टा तुटला होता, तसा पट्टा कर्जतला मिळाला नाही म्हणून तो खोपोलीला गेला होता. पट्टे काय, रोजच तुटतात. यावर मी जास्त काही म्हणत नाही. पण त्याने मला खाली वाकून पाहिले, नेहमीच्या सवयीने माझ्या तोंडाजवळ तोंड आणले आणि म्हणाला, "मास्तर, मी हाय. काशिनाथ. बोलू नका." ड्रायव्हरला ओरडला, "आरं, बघतोस काय, पाय धर त्यांचे!" टेंपोत तुसाची पोती होती, त्यांवर मला आडवे केले. कर्जतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याने माझे डोके मांडीवर धरले होते. आपण ज्याचा हेवा केला त्याच्या मांडीवर डोके ठेवून पडण्याइतकी लाज मी आयुष्यात दुसरी अनुभवली नाही.

अर्धांगाचा झटका होता. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणले, बरेचसे परत येईल. मुलगा आला, दोन दिवस राहिला, त्याला रजा नव्हती. काशिनाथ रोज गिरणी सुटली की यायचा. अंग पुसायचा, कूस बदलायचा. सोबत स्टीलच्या डब्यात पेज असायची, नव्या तांदळाची, वर थोडे मीठ. तीन-चार दिवसांनी तो चमच्याने भरवताना म्हणाला, "सुमननं केलीय. म्हंते, मास्तरांना दवाखान्यातलं जेवण जायचं नाय." तो घास मी किती वेळ तोंडात धरून बसलो ते मला माहीत नाही. काशिनाथला वाटले गिळता येत नाही. त्याने माझी पाठ चोळली.

पाचव्या दिवशी परिचारिकेने मला वही आणि पेन्सिल दिली. "आजोबा, काय हवं ते लिहा, खुणा समजत नाहीत." उजवा हात मेलेला. मी डाव्या हातात पेन्सिल धरली. मला पाणी हवे होते. टेकवायला गेलो आणि थांबलो. माझा डावा हात काय लिहील ते मला ठाऊक होते. काशिनाथ समोर स्टुलावर बसून वाट बघत होता. तहान सोसवेना. मी लिहिले: पाणी दे. अक्षरे मागे झुकली, वरची रेघ घसरली.

त्याने वही घेतली. अक्षर अक्षर लावून वाचणारा माणूस तो. आपण वाक्य वाचतो, तो प्रत्येक अक्षराचा चेहरा बघतो. सहा वर्षांपूर्वी एक चिठ्ठी त्याने अशीच, प्रत्येक अक्षरावर थांबत वाचली होती. दोन शब्दांच्या त्या ओळीकडे तो फार वेळ बघत राहिला. बोट रेघेवरून फिरवले. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी डोळे मिटून घेतले. स्टूल सरकल्याचा आवाज आला, पावले दूर गेली. मला वाटले, गेला. आता येणार नाही. मग माठातून पाणी काढल्याचा आवाज आला, आणि मानेखाली त्याचा हात. "हळू हळू प्या," तो म्हणाला. "सगळं एकदम नको."

त्याला कळले की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पेज आली.

शेजारच्या खाटेवर खालापूरकडचे एक कापडवाले होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते आठवडाभर हे बघत होते. एका संध्याकाळी त्यांनी काशिनाथला विचारले, "भाऊ, हे तुमचे सख्खे का?"

"नाय चाचा. आमच्या मंडळीतले मास्तर हायत."

"मग पोटचा पोरगा दोन दिवसांत गेला आणि तुम्ही रोज येता. थकत नाही? कुठून आणता एवढं?"

मी खाटेवर ताठ झालो. हाच तो प्रश्न. पेत्राने ज्या प्रश्नाची तयारी ठेवा म्हणून सांगितले तो हाच, तुमच्या आशेचे कारण काय? तीस वर्षे मी उत्तर तयार ठेवले होते आणि तीस वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. लोक मला पुरावा विचारत, कोडी घालत, वाद घालत. माझ्यात कोणाला आशा दिसलीच नव्हती, तर कारण कशाला विचारतील? आणि आता तो प्रश्न माझ्याच उशाशी आला, तो त्याच्यासाठी. मला बोलता येत नव्हते, हगणे-मुतणे त्याच्या हातात होते, तरी त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला. असा हेवा, की डोळ्यांत पाणी आले.

काशिनाथ नेहमीसारखा पुढे वाकला. म्हणाला, "माझी पोरगी गेली तवा मी आतून मेलोवतो, चाचा. लय शिव्या दिल्या देवाला. पण येशू माझ्याजवळ बसून राहिला. का नेली ते सांगितलं नाय. उठून बी गेला नाय. मला दुसरं काय येत नाय, म्हणून मी बी बसतो."

चाचा मान हलवत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. आमच्यातही सांगतात, आजाऱ्याच्या उशाशी बसावं, मोठा सवाब, मोठं पुण्य आहे." आणि त्यांनी काशिनाथला आपल्या पिशवीतले खजूर दिले. एवढेच झाले. कोणी जिंकले नाही. मात्र रूपाच्या मरणानंतर तो आमच्याकडे का आला, हे मला त्या संध्याकाळी समजले. मी त्याला कधी विचारले नव्हते आणि एका परक्याने विचारले.

तो रोज थोडे शास्त्र वाचून दाखवी. मी त्याच्या चुका सुधारत असे, अर्थात मनातल्या मनात. एक दिवस प्रभूच्या चौकशीचा भाग निघाला. रोमी सुभेदार पिलाताला ठाऊक होते, की मुख्य याजकांनी येशूला हेव्याने धरून दिले आहे. काशिनाथने 'हेव्याने' हा शब्द दोन हिश्श्यांत वाचला आणि पुढे गेला. मी तिथेच राहिलो. हा भाग मी शेकडो वेळा वाचला आहे, पुरावा म्हणून शिकवलाही आहे. धरून देणारी माणसे नास्तिक नव्हती. शास्त्र तोंडपाठ असलेली, वर्ग घेणारी, विश्वासाचे रक्षण करतो असे मनापासून मानणारी, म्हणजे माझ्यासारखी माणसे होती. ज्याच्या बाजूने मी आयुष्यभर वाद घातला त्याला धरून देणाऱ्यांत मी होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. काशिनाथ वाचायचा थांबला आणि पुस्तक मिटून नुसता बसला.

तीन महिन्यांत वाचा परत आली. थोडी अडखळत, पण आली. मग माझ्याकडे कारण उरले नाही. तरी दिवस गेले. पुढच्या वर्षी काशिनाथची छाती बिघडली, गिरणीच्या धुळीने. मी दहिवलीला त्याच्या घरी गेलो. मनाशी वाक्ये ठरवून गेलो होतो. पण ओटीवर माणसे मावत नव्हती. मंडळीतले होते, गावातले होते, तो रिक्षावाला होता, साजगावचा तो तरुणही होता. तो काशिनाथला कुठे भेटला होता देव जाणे. माझ्या आजारपणात माझ्याकडे इतके कोणी आले नव्हते. तोच जुना कडवटपणा वर आला आणि मी "बरा हो रे" म्हणून परत फिरलो. ज्याने माझे मूत पुसले त्याच्या मरणशय्येशीही मला हेवा सुटला नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो एकटा होता, उशीला टेकून बसलेला. मी म्हणालो, "काशिनाथ, तुला एक सांगायचं होतं."

"सांगा ना, मास्तर." तो पुढे वाकला, माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हणालो, "बरा झालास की उत्तरवर्ग तू घ्यायचा. मी बसेन मागे."

तो खूप हसला, हसता हसता खोकला. "आता काय वर्ग! मला अजून बी काय ठाऊक नाय, मास्तर." मग माझा लुळा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमी आलात ना, बास." त्याने मला वाट करून दिली होती असे आज वाटते. मी त्या वाटेने गेलो नाही. कबुली द्यायच्या ऐवजी मी त्याला बक्षीस देऊन आलो.

आठ दिवसांनी तो गेला.

नंतर मी सुमनवहिनींकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला. मग त्यांनी विचारले, "भाऊ, त्यांना कायतरी सांगायचं राहिलंय का तुमचं? ते म्हणालेवते, मास्तर आले की त्यांना बसवून घे, घाई करू नको."

मी म्हणालो, "नाही वहिनी. सहज आलो होतो."

देवाने माझ्यावर दया केली यात मला शंका नाही. त्याने माझ्याकडे वाद जिंकणारा पाठवला नाही, पाणी देणारा पाठवला. विश्वासाचे रक्षण करायला त्याला माझी गरज होती असे मी समजत होतो; खरे म्हणजे माझेच रक्षण व्हायचे होते, माझ्यापासून. उत्तर द्यायला तयार असावे हे मी आजही शिकवीन, पण आता पेत्राच्या त्या अटीपासून सुरुवात करीन. आपल्याला येते ते देवाच्या पायांशी ठेवणे सोपे आहे. आपण काय आहोत ते ठेवणे मला आजही जड जाते. वर्ग आता चालत नाही. हा कागद पाळकसाहेबांकडे देणार आहे. त्यांनी तो आधी सुमनवहिनींना वाचून दाखवावा, मग मंडळीसमोर वाचावा, एकही शब्द न वगळता.

काशिनाथ, ती चिठ्ठी मी लिहिली होती. तो प्रश्न मला पडलेला नव्हता. रूपा मला आठवत होती, तिच्या कपाळाचा ताप माझ्या हाताला लागला होता, तरी लिहिले. तुझ्याभोवती माणसे जमत आणि माझ्याभोवती जमत नसत, म्हणून लिहिले. तुझ्या बायकोची मंडळीतली जागा मी हिरावली आणि तिच्या हातची पेज खाल्ली. मला क्षमा कर.